जसं आहे तसं

"वाच," लेखक म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले.

बायकोने हात पुसले आणि टेबलावरचा कागद उचलला. सकाळभर त्याचं पेन थांबलं नव्हतं, तिला स्वयंपाकघरात त्याची खरखर ऐकू येत होती. अक्षर अजून पूर्वीसारखंच टपोरं होतं, ओळीही सरळ होत्या. आजारपणानंतर त्याला लिहिता येत होतं, पण लिहिलेलं वाचता येत नव्हतं. कुठलाही कागद समोर धरला की त्याला मुंग्यांची रांग दिसायची. होतं असं कधी कधी, डॉक्टर म्हणाले होते, लिहितात हे काय थोडं आहे? काय लिहितात ते डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं.

कागदावर होतं: काल बशी खिडकी बशी. खिडकी तिथे काल. बशी. पानभर हेच.

तिने घसा खाकरला आणि रोजच्यासारखं वाचायला घेतलं. कागदावर नजर, ओळ संपली की मान डावीकडे. पहिल्या दिवशी त्याचं तोंड उतरू नये म्हणून तिने घाबरत घाबरत चार वाक्यं मनाची जोडली होती. आता चटकच लागली होती म्हणायची. भाजी निवडताना ती उद्याचं जुळवत बसायची. लग्न झाल्यापासून त्याच्या लिखाणाच्या स्वच्छ प्रती तीच करत आली होती, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी हा गृहस्थ घर डोक्यावर घ्यायचा. "तुला यातलं काय कळतंय? उतरवून काढायचं, तेवढं कर." तिने तेवढंच केलं होतं.

"पाहुणे उठून गेल्यावर," ती वाचत होती, "खुर्च्या जागेवर लावताना लक्षात येतं, की आपल्याला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं."

लेखकाने डोळे उघडले.

"थांब. हे मी लिहिलं?"

तिने कागद चेहऱ्यापुढे धरला. "तुम्हीच. दुसरं कोण लिहिणार?"

"काय वाक्य आहे!" त्याने मांडीवर थाप मारली. "अगं, जन्मात कधी मी खुर्ची उचलली नाही, तरी सुचलं! याला म्हणतात प्रतिभा. आजारपणाने एक बरं केलं बघ. आत्ता कुठे मला लिहायला जमायला लागलंय."

तिचे कान गरम झाले. काय वाक्य आहे, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिला खूप आनंद झाला. आणि तो सांगायचा कुणाला, तर समोर हाच एक माणूस होता.

"पुन्हा वाच ते."

तिने कागदाकडे पाहिलं. ते वाक्य तिने आधी जुळवलेलं नव्हतं, वाचता वाचताच सुचलं होतं. आता कितीही आठवलं तरी हाताला लागेना.

"पाहुणे गेल्यावर खुर्च्या आवरताना कळतं, की आपण दिवसभर उभेच होतो."

"बदललंस!" लेखक ताठ बसला. "पार माती केलीस. माझ्या लिखाणाला हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं? संध्याकाळी संपादक येतोय प्रत न्यायला. त्याच्या हातात असलं काहीतरी ठेवणार आहेस? जसं आहे तसं वाच."

आता मात्र तिचं डोकं फिरलं.

"जसं आहे तसं?"

"शब्दन् शब्द."

"काल बशी खिडकी बशी," तिने वाचलं. "खिडकी तिथे काल. बशी."

त्याने तिच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला. मग उलटा केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असं लिहिलंय मी?"

इतका बारीक आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने कागद हळूच काढून घेतला.

"चेष्टा केली हो. तुम्ही ओरडलात म्हणून."

"असली चेष्टा करतात?" मग त्याने हात पुढे केला. "दे तो कोरा कागद. माझं मीच लिहून ठेवतो. तुझ्या भरवशावर राहिलो तर वाटोळंच व्हायचं."

तो मोठ्याने म्हणत लिहू लागला. "पाहुणे उठून गेल्यावर... खुर्च्या जागेवर लावताना लक्षात येतं..." एक शब्द चुकला नाही. कान तयार होता त्याचा, ते कुणीही कबूल केलं असतं. तिचं हरवलेलं वाक्य त्याच्या तोंडून जसंच्या तसं परत येत होतं, आणि पेनाखाली उमटत होतं: बशी काल बशी तिथे खिडकी.

"घे. नीट उतरलंय?"

"हो," ती म्हणाली. "आता काही राहिलं नाही."

"मग खाली नाव घाल आणि प्रत करायला बस. माझी सही हल्ली जुळत नाही म्हणतात बँकेत."

"कुणाचं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो मनापासून हसला. "कुणाचं म्हणजे? पुरे आता चेष्टा."

त्याने पेन पुढे केलं. ते त्याच्या हाताने कोमट झालं होतं. तिने कागदाच्या तळाशी, नीट जागा सोडून, त्याचं नाव लिहिलं. सबंध पानात वाचता येण्यासारखं तेवढंच होतं.