टेपचं टोक

"ओ काका, ब्रेकलाईट कुठाय तुमची? आत्ता चढवली असती ना वर!"

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. कुंडलिकेच्या पुलावर त्याची बस पुंडलिकाच्या पिकअपपासून वीतभर अंतरावर थांबली होती. मागे भोंग्यांचा नुसता कल्ला. पुंडलिकाने दोन्ही हात जोडले, पूल उतरला आणि पलीकडच्या अष्टमी गावाच्या पहिल्याच वळणावर दाजींच्या गॅरेजात गाडी घातली. दाजी दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"परत गेली लाईट?"

"मिठानं खाल्ली असंल," पुंडलिक म्हणाला.

दर मंगळवारी तो हेच म्हणायचा. पेणहून मिठाच्या गोण्या आणि पोह्याचे पापड घेऊन तो रोह्याच्या दुकानांत टाकायचा. तेव्हा मिठावर खापर फोडायला जागा होती. पहिल्यांदा तर मिठानेच वायर खाल्ली होती, त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंतर मात्र मीठ बिचारं निर्दोष होतं. वायर पुंडलिक स्वतःच काढायचा.

ब्रेकलाईट ही एकट्याने तपासायची वस्तू नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. पुंडलिकाच्या घरी हे दुसरं काम सगुणाचं, त्याच्या बायकोचं. रोज सकाळी गाडी निघताना ती हातातला झाडू तसाच धरून मागे उभी राहायची आणि ओरडायची, "पेटली! जावा आता!" सगुणा गेली. मुलगी सासरी, वसईला. लाईट गेल्याचं पुंडलिकाला कितीतरी दिवस कळलंही नाही. सांगणार कोण? शेवटी रोह्याच्या एका दुकानदाराने सांगितलं आणि तो दाजींकडे पोचला.

दाजींचा हाताखालचा माणूस तेव्हा नुकताच कंपनीत शिफ्टला लागला होता. गॅरेजात दाजी आणि त्यांचा खोकला, एवढेच दोघं. वायर जोडून झाल्यावर दाजी पिकअपमध्ये चढले आणि म्हणाले, "तू मागं हो." त्यांनी पेडल दाबलं. "पेटली का रं?"

"पेटली!" पुंडलिक ओरडला. आपला एवढा मोठा आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. दुकानदारांशी बोलायचं ते गोणी इकडे ठेवू की तिकडे, एवढंच. मग चहा झाला. कुणाच्या विहिरीला कधी पाणी लागलं इथपर्यंत गप्पा झाल्या. त्या संध्याकाळी घर नेहमीसारखं खायला उठलं नाही.

पुढच्या मंगळवारी परतताना त्याने पूल ओलांडून वडाखाली गाडी थांबवली, मागे वाकून टेप सोडली आणि वायर उपटली. चोरी करताना वाटावं तसं वाटलं, पण हात काही थांबले नाहीत. टेप सोडणं तर फारच सोपं होतं. बाकीचे मिस्त्री टेपचं टोक घट्ट चिकटवून टाकतात. दाजी ते जरासं दुमडून ठेवायचे. म्हाताऱ्याची बोटं चालत नसतील, असं पुंडलिकाला वाटायचं. त्यांची तपासायची रीतही ठरलेली. आधी बल्ब, मग फ्यूज, मग पेडलजवळचा स्विच, आणि वायर सगळ्यात शेवटी. दुपार सहज कलायची. मिस्त्री मंद आहे, पुंडलिक मनात म्हणायचा, देवाची कृपा.

आज वडाखाली लग्नाचा मांडव पडला होता. सकाळी जातानाच त्याने तो पाहिला होता. म्हणून परतताना वायर त्याने रोह्यातच काढली. एवढासा पूल, कोण येतंय धडकायला! आणि एसटी आली.

दाजींनी आज बल्बला हात लावला नाही. फ्यूज पाहिला नाही. पेडलकडे तर गेलेच नाहीत. ते सरळ गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि नेमक्या त्या जोडावर त्यांनी बोट ठेवलं.

वायर स्वच्छ होती. ना गंज, ना काळेपणा. दाजींनी आतून सोल्डरची गन आणली आणि जोड कायमचा पक्का करून टाकला. वरून टेप गुंडाळली. टोक दुमडलं नाही. अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं.

आता ही वायर या जन्मी निघणार नव्हती. पुंडलिकाला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेहून मोठं दुःख वेगळंच होतं. पुढच्या मंगळवारी इथे थांबायला त्याच्याकडे काही कारण उरलं नव्हतं.

"मागं हो," दाजी पिकअपमध्ये चढत म्हणाले. पेडल दाबलं. "पेटली का?"

"पेटली." आवाज जेमतेम दाजींपर्यंत पोचला.

दाजी खाली उतरले. "ह्या लाईटीचं काम परत निघालं नाय पायजे, पुंडलिक. तू मरशील, नायतर मागचा कोण तरी."

"व्हय."

पुंडलिक स्टिअरिंगवर बसला. दाजींकडे बघायचा त्याला धीर होईना. समोर बघतच त्याने गाडी सुरू केली.

"येतो, दाजी."

दाजींनी खिडकीच्या काठावर हात ठेवला. बोटं काळी, तेलकट, आणि पकड अजून चांगली घट्ट होती.

"मंगळवारी ये."

"आता कशाला? लाईट तर नीट झाली."

"मग?" दाजी म्हणाले. "एवढे दिवस टेपचं टोक मी काय लाईटीसाठी दुमडत होतो?"