सहदेव पहिलवानाची अमरावती

"आधी तालीम पाहा, मंग दूध प्या, मंग मैदान. उलटं केलं तं अमरावती समजतच नाही," असं म्हणत वामनराव मास्तर चालू लागले. शकुन पदर सावरत मागे निघाली.

बाहेरगावचा कुस्तीचा शौकीन उतरला की टांगेवाले त्याला थेट मास्तरांच्या दारात आणून सोडत. शाळेतली नोकरी संपल्यापासून मास्तरांना हा एकच उद्योग होता, आणि कोणती तालीम बघण्याच्या लायकीची नाही हेही ते न विचारता सांगत. बाईमाणूस मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

"नाव काय म्हणता, बाई?"

"शकुन. अकोटची. भाजीचा मळा हाये आमचा."

मास्तरांनी टोपी खाली ओढली. "म्हंजे सहदेव पहिलवानाच्या गावच्या! चला, चला."

सहदेव तिचा नवरा होता. हे ती सांगणार नव्हती. लग्न झालेल्याला मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, असा तालमीचा कडक नियम. सात वर्षांपूर्वी तो लग्न लपवून आत शिरला होता. नागपंचमीची कुस्त्यांची दंगल मारायची आणि पोळ्याला चार दिवस गुपचूप घरी यायचं, असा त्याचा शिरस्ता. यंदा पोळा होऊन बैलांच्या शिंगांचा रंगही उडाला, तरी तो आला नव्हता. का आला नाही, एवढंच तिला हवं होतं. पण सरळ विचारावं तर त्याचं बिंग फुटणार.

तालमीच्या उंबऱ्याशी ती थांबली. बाईनं आत जायचं नसतं. हळद आणि ताक घातलेल्या लाल मातीचा वास बाहेरपर्यंत येत होता.

"तो कोपरा सहदेवचा," मास्तरांनी बोट दाखवलं. "रोज हजार जोर. अन् लंगोटाचा असा पक्का, का बाईकडे मान वर करून पाहत नाही!"

शकुनला हसू आलं, आणि लगेच रडूही. तिनं मान खाली घातली.

पुढे नियाजचं दुधाचं दुकान. "सहदेवच्या गावच्या हायेत," मास्तर म्हणाले. नियाजनं तिचा पेला भरला, वर कढईतली सगळी साय घातली आणि चुलीचा धूर लागला म्हणून डोळे पुसले.

मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर ऊन होतं. मास्तरांनी घाम पुसला तेव्हा त्यांच्या ओठावरचा पांढरा पट्टा तिला दिसला.

"गुरुजी, मिशी आताच काढली वाटते?"

"नवस हाये. सहदेव परत येईस्तोवर ठेवायची नाही."

"परत? म्हंजे कुठी गेले ते?"

"तुमाले ठाव नाही?" मास्तर समोरच्या मैदानाकडे बघत राहिले. "नागपंचमीले इथंच सव्वापट वजनाच्या गड्याले त्यानं धोबीपछाड मारली. एका संस्थानचा कारभारी पाहून राहिला होता. त्यानं इथूनच उचलून नेला, दरबारी पहिलवान म्हणून. लय दूर. दोन-चार वर्षं काही सोडत नाहीत."

"पण धडधाकट हायेत ना?"

"अहो, त्याले काय होते!"

शकुन पायरीवर बसली. सांगूनसुद्धा गेला नाही, म्हणून तिचं काळीज तुटलं. पण तो होता. पोळ्यापासून अडकलेला श्वास सुटला आणि ती परक्या माणसासमोर हमसून रडली.

"गावचे लोक वाट पाहून राह्यले, एवढा निरोप धाडता, गुरुजी?"

"धाडतो, माय."

परतताना देवीच्या देवळाबाहेर तिनं टांगा थांबवला आणि कुंकवाची नवी पुडी घेतली. मग मास्तर खाली उतरले आणि टांगा तिला घेऊन स्टेशनकडे वळला.

मास्तर रस्त्यातच उभे राहिले. त्याच दिवशी सकाळी नाल्याकाठी दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. तालीम सांभाळतो म्हणून झालं, दंगल बंद पडू देत नाही म्हणून झालं. लग्नाचं गुपित सहदेवनं मरताना एकट्या मास्तरांना सांगितलं होतं. शेवटी मास्तरांनी हात जोडून "तुह्या शकुनचं कुंकू मी पुसू देत नाही, सहदेवा," असं म्हटलं, तेव्हा कुठे कावळ्यानं पिंडाला चोच लावली.