शिक्का घेऊन ये

"शिक्का आणलास ना?" ताइचुंगच्या स्टेशनात उतरल्या उतरल्या आईने तिसऱ्यांदा विचारलं. सहीच्या जागी मारायचा, पेइशानच्या नावाचा शिक्का.

"आणलाय. कशाला हवाय ते तरी सांग."

"आधी भिंती बघ, मग खा, मग सांगते."

पेइशानच्या मनात पाल चुकचुकली. तिची आई, युएश्या, सदुसष्ट वर्षांत कधी कुठल्या इमारतीकडे मान वर करून बघायला गेली नव्हती. जीलोंगचं घर आणि खालचा मासळीबाजार, एवढंच तिचं जग. आणि गेले आठ महिने दर बुधवारी ही बाई गाडी पकडून ताइचुंगला 'नव्या इमारती बघायला' येत होती. असल्या थापेवर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही.

त्यात ती वाळत चालली होती. गेल्या आठवड्यात तिच्या खणात एक ताजा फोटो सापडला. केस नीट बसवून, स्टुडिओत जाऊन काढलेला. बाबांनीही असाच फोटो काढून घेतला होता, आपण गेल्यावर भिंतीवर लावायला बरा असावा म्हणून. दोन महिन्यांत तो भिंतीवर लागला.

नूडल्सच्या टपरीवर आईने अर्धा वाडगा तिच्याकडे सरकवला.

"भूक नाही?"

"आहे की. पण मला एवढं बास."

वळणावळणाच्या त्या प्रसिद्ध नाट्यगृहाच्या दारात एक उंच म्हातारा उभा होता. अंगात स्वयंसेवकाचं जाकीट. "हे लाइ," आई म्हणाली. त्याने न विचारता आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघींना आत फिरवलं. पूर्वी तो गवंडी होता.

"ह्या भिंतीला गिलावा करता करता माझा हात वाकडा झाला," तो म्हणाला.

"भिंतही वाकडीच झाली," आई म्हणाली.

पेइशानला हसू आलं नाही. "काका, तुमची आणि आईची ओळख कुठली?"

"हॉस्पिटलातली. बुधवारी मी तिथे असतो, पेशंटना ने-आण करायला."

आईने त्याच्याकडे डोळे वटारले. "माझी एक मैत्रीण होती तिथे, तिला बघायला गेले होते."

"कोण मैत्रीण?"

"तू नाही ओळखत."

पेइशानची नजर त्याच्या जाकिटावर गेली. बाबांना तपासणीला नेणाऱ्या माणसाच्या अंगातही असलंच जाकीट होतं.

तिथून ते जुन्या बाजारातल्या एका बेकरीत गेले. मालकिणीने पाच प्रकारचे केक कापून बशीत मांडले. आईने बशी लेकीपुढे ढकलली.

"चाखून सांग, कुठला बरा?"

"तू खा ना आधी."

"तू सांग."

"मुगाच्या पुरणाचा."

"ठरलं तर," आई म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मुगाचा केक म्हणजे तिचा जीव की प्राण. बाबांचंही आधी गोडच सुटलं होतं. तेही असेच, 'तुम्ही खा' म्हणायचे.

पेइशान आईच्या हातांकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या लग्नात, सकाळपासून उपाशी म्हणून तिने वाटायच्या केकच्या डब्यात हात घातला, तेव्हा ह्याच हाताने पाहुण्यांदेखत अशी चापट मारली होती की बोटं उठली. आज त्याच मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

आईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "खालच्या ओळीत मार. दोन शिक्के लागतात, एक झालाय. पण आधी वाच."

पेइशानने वाचला नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर तिनेच शिक्का मारला होता, आणि बाबा टेबलावरून उठलेच नाहीत. त्यानंतर सहा वर्षं तो शिक्का कपाटाच्या तळाशी पडून होता.

"मी नाही मारणार." तिने कागद परत सरकवला. "मला सगळं कळलंय, आई. आठ महिने लपवलंस माझ्यापासून."

आई चपापली. तिने लाइकडे बघितलं. लाइ बशीकडे बघू लागला.

"सांगायचा धीर होत नव्हता गं," आई हळूच म्हणाली. "तुला काय वाटेल, तुझ्या बाबांना काय वाटलं असतं..."

"बाबांचं नाव नको काढूस!" पेइशानने डोळे पुसले आणि मुगाच्या केकचा तुकडा उचलून आईच्या तोंडाशी नेला. "हा खाऊन दाखव. एक घास. मग म्हणशील तिथे शिक्का मारते."

आईने तोंड फिरवलं. पेइशानने हात आणखी पुढे केला.

फाट्कन चापट बसली. अगदी तेव्हासारखीच, सणसणीत. तुकडा टेबलाखाली गेला.

"अक्कल आहे का, कार्टे? स्वतःच्या लग्नाचा केक नवरीने खायचा नसतो, तेव्हाही सांगितलं होतं ना तुला?"