वड्यांची निगा

तीन आठवड्यांनी बाबांना भेटायला आलेल्या ताईच्या नाकात दारातच असा भपकारा शिरला, की ती उंबऱ्यातच थबकली. "काही नाही गं, चरबी कढवलीय," धाकटा भाऊ कौतुकाने म्हणाला. खाटकाकडची चरबी आणि कॉस्टिक सोडा घोटून घरीच साबण करायचा नवा नाद त्याला लागला होता.

फळीवर चाळीस वड्या ओळीने मांडल्या होत्या. तो एकेक वडी दोन बोटांनी अलगद उचलून उलटी ठेवत होता. "दीड महिना वाळवायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता उलटायच्या. एकाच अंगावर पडून राहिल्या की खालून ओल धरतात, मग सगळी मेहनत पाण्यात! घर सोडून कुठे जाता येत नाही बघ."

"शी! तुझा साबण तुलाच लखलाभ," म्हणत ती नाकाला ओढणी लावून बाबांच्या खोलीत पळाली. तिथे तरी धड श्वास घेता येईल म्हणावं, तर घाण उलट वाढलीच. अंथरुणाला खिळलेले बाबा छताकडे बघत उताणे पडले होते. तिने खाली हात घालून त्यांना कुशीवर वळवलं, तर चादर पाठीला चिकटूनच वर आली. ती सोडवताना पाठीवरच्या चिघळलेल्या, पू धरलेल्या जखमा दिसल्या.



"बरं वाटलं पोरी," बाबा पुटपुटले. "मागच्या खेपेला तू वळवलं होतंस, त्यानंतर आजच."