शून्य चारशे सतरा

ल्याव आजींनी लाकडाचे दोन अर्धचंद्र सातव्यांदा फरशीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला की पितर जेवले, ताट उचलायला हरकत नाही. पण दोन्ही उताणे पडले. पुन्हा!

ताट घेऊन त्या तडक अस्थिमंदिराच्या कार्यालयात आल्या. "तीन वर्षं झाली, हे जेवायलाच तयार नाहीत. जन्मभर ताटावर तुटून पडणारा माणूस, आणि ताइपेईहून लेक आला तरी शिवत नाहीत."

टेबलामागे योंग-ज्ये होता. तीन वर्षांपूर्वी जुन्या दालनातले कलश नव्या इमारतीत हलवले, तेव्हा सगळ्यांची नोंद संगणकात त्यानंच चढवली होती.

"मीठ कमी पडलं असेल, आजी," तो हसत म्हणाला. "नंबर सांगा."

"शून्य चारशे सतरा. दारातलं तुमचं मशीन चारशे सतरा नंबरच्या कोनाड्याची चिठ्ठी देतं. म्हटलं, पुढच्या शून्याला काय किंमत!"

योंग-ज्येचं हसू विरलं. कोनाड्याचा नंबर हीच कलशाची ओळख. तो अक्षरं म्हणून साठवायचा की आकडा म्हणून, एवढंच तेव्हा ठरवायचं होतं. यानं आकडा निवडला. जागा कमी लागते, शोध झटपट होतो. नको तिथं हुशारी! आकड्याच्या पुढचं शून्य संगणक गिळतो. शून्य चारशे सतराचं झालं चारशे सतरा, आणि नव्या इमारतीत त्या नंबरावर आधीपासून दुसरंच कोणी होतं. एका नंबरावर दोघं संगणकाला चालत नाहीत. मागून आलेल्याला संगणकानं नाकारलं. नाकारलेल्यांची यादी एका फाइलीत पडून राहिली आणि हमालांनी नोंद होती तेवढेच कलश हलवले.

ती फाइल योंग-ज्येनं आज पहिल्यांदा उघडली.

"आजी, चूक माझी आहे. तीन वर्षं तुम्ही परक्याला वाढताय. आजोबा जुन्या दालनातच राहिले."

"एकटे?"

किल्ली घेऊन तो पुढे झाला.

जुन्या दालनाचं कुलूप गंजलं होतं. आत कलश हलवलेल्या कोनाड्यांची दारं सताड उघडी होती, मधूनमधून एखादं बंद. त्या बंद दारांकडे पाठ करायची योंग-ज्येला भीती वाटू लागली.

आजींनी आपलं दार शोधलं, बाहीनं धूळ पुसली. "आले हो. या शहाण्यांनी मला भलत्याच दारात उभं केलं." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

मग ताट ठेवायला त्या वाकल्या, आणि वाकलेल्याच थांबल्या. त्यांनी भिंतभर नजर फिरवली.

"अशी बंद दारं किती रे?"

"तीनशे बारा."

कुणी ऐकू नये म्हणून आजींनी आवाज अगदी खाली आणला. "बाळा, मी ताट एकच आणलंय."