पानाच्या शेवटचा उसासा

अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं अ‍ॅप ऋजुताची कंपनी बनवायची. "पान संपलं की वाचणारी बाई उसासा टाकते," अशी तक्रार अधूनमधून यायची. "फक्त तुमच्याच फोनवर होतंय," असं ऋजुता प्रत्येकाला कळवायची.

मग कंपनीने सगळ्या तक्रारी सर्वांसाठी खुल्या केल्या. दुपारपर्यंत त्या तक्रारीखाली परभणीपासून सावंतवाडीपर्यंतचे लोक लिहू लागले, "मलाही ऐकू येतो." "म्हणजे मला भास होत नव्हता तर!" ऋजुताने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात उसासा नव्हताच.

संध्याकाळी हरेश तांडेल नावाच्या माणसाने लिहिलं, "हा माझ्या ताईचा आवाज. तुमच्यासाठी तिनेच वाचलं होतं. तिला दमा होता. मधे जरा थांबू द्या म्हणायची, तुम्ही थांबू दिलं नाहीत. गेल्या वर्षी ती गेली."

"चूक फोनची नव्हती, आमची होती," असं ऋजुताने सर्वांसमोर लिहिलं आणि प्रत्येक पानानंतर त्या आवाजाला क्षणभर विसावा दिला.

उसासे थांबले. आता त्या विसाव्यात कुणीतरी छाती भरून श्वास घेतं, असं लोक लिहितात. "घेऊ द्या तिला," हरेशने खाली लिहिलंय.