गोदावरीचा पूल

कामाच्या रगाड्यात यंदा सुट्टी मिळत नाही, असं सांगून सलीलने आईबाबांना फिरायला धाडलं होतं. पूर्व किनाऱ्याने जाणारी गाडी, चेन्नई ते पुरी, खिडकीजवळच्या जागा. बहरीनमधल्या मनामाहून त्याने सकाळी फोन लावला तेव्हा बाबा म्हणाले, "आत्ताच गोदावरीचा पूल ओलांडतोय. काय पात्र आहे रे नदीचं."

सलीलच्या मोबाइलवर ती गाडी अजून विजयवाड्यातच उभी दिसत होती, तीन तास लेट. तेवढ्यात बाबांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"इंजिन," बाबा म्हणाले.

आईचे गुडघे पुन्हा धरले असणार. पोराला वाईट वाटू नये म्हणून दोघं साताऱ्याच्या घरात बसूनच पुरीला निघाले होते. सलीलने काही उकरून काढलं नाही.

"आईला सांभाळून उतरवा," तो म्हणाला. "मी ऑफिसात आहे, ठेवतो."

"तुझ्या मागे लाटांसारखा आवाज कसला येतोय?"

 

"एसी आहे, बाबा," समुद्राकाठच्या बाकावरून सलील म्हणाला. नोकरी गेल्यापासून तो रोज ऑफिसच्या वेळेला इथेच येऊन बसायचा.